खेजडलीची खेजडी

खेजडी हा थरच्या वाळवंटातला मध्यम उंचीचा काटेरी वृक्ष. महाराष्ट्रात गणपतीच्या पत्रीत आणि दसऱ्याच्या पूजेत जी शमी असते, ती हीच. काही भागांत तिला सौंदड म्हणतात. पंजाबात ती जंड, सिंधमध्ये कंडी, कर्नाटकात बन्नी, तेलंगणात जम्मी आणि अरबस्तानात गाफ या नावाने ओळखली जाते. महाराष्ट्रात शमीचे एखादे झाड देवळाच्या आवारात नाहीतर गावाच्या वेशीवर दिसते. मारवाडात मात्र ती शेतात असते आणि माणसांची व गुरांची पोटे तिच्यावर चालत आली आहेत. १७३० साली जोधपूरजवळच्या खेजडली गावात या झाडांसाठी ३६३ माणसांनी प्राण दिले. त्यांनी ते का दिले हे समजायचे तर आधी हे झाड, मग ते जिथे उगवते तो मुलूख आणि शेवटी त्या काळचे राज्य अशा क्रमाने जावे लागते.

खेजडी सावकाश वाढते. पूर्ण वाढलेले झाड सहा ते दहा मीटर उंच असते. फांद्या खाली झुकलेल्या, साल करडी आणि भेगाळलेली, पाने बारीक संयुक्त आणि फांद्यांवर जागोजाग छोटे, शंकूसारखे काटे. वर्षाला १०० ते ५०० मिलिमीटर पाऊस, उन्हाळ्यात ४५ अंशांच्या पुढे जाणारा पारा आणि थंडीत गोठवणारी पहाट, हे सगळे ती सहन करते. याचे कारण जमिनीखाली आहे. तिचे सोटमूळ सरळ खाली पाण्याच्या शोधात जाते आणि ते ३० मीटरहून खोल गेल्याच्याही नोंदी आहेत. त्यामुळे वरच्या पावसावर तिचे फारसे अडत नाही. उन्हाचा तडाखा सुरू होतो आणि शिवारात हिरवे काही उरत नाही, नेमकी तेव्हाच खेजडीला कोवळी पालवी फुटते. त्याच सुमारास पिवळसर फुलांचे बोटभर लांबीचे तुरे येतात, त्यांवर मधमाश्या जमतात आणि उन्हाळा सरायच्या आत झाड शेंगांनी लगडते.

या कोवळ्या शेंगा म्हणजे सांगरी. बायका-मुले लांब काठीला आकडी लावून त्या उतरवतात. त्या मिठाच्या पाण्यात उकळून उन्हात पसरल्या की दोन-चार दिवसांत काळपट, सुरकुतलेल्या काड्यांसारख्या होतात आणि मग वर्षभर टिकतात. केर, कुमटिया, गुंदा अशा रानातल्या इतर फळा-बियांबरोबर तेलात परतलेली सांगरीची भाजी मारवाडात लग्नाच्या पंगतीलाही लागते आणि दुष्काळातल्या भाकरीबरोबरही. न तोडलेल्या शेंगा झाडावर पिकून पिवळ्या पडतात. त्यांना खोखा म्हणतात. त्यांचा गर गोड असतो आणि मुले त्या नुसत्या चघळतात. हिवाळा आला की शेतकरी झाडावर चढून फांद्या छाटतात. छाटलेल्या फांद्या वाळल्या की काठीने झोडपून पाला पाडतात. हा पाला म्हणजे लूंग. उंट, शेळ्या, मेंढ्या यांचा तो हिवाळ्यातला मुख्य चारा. पाला झडलेल्या काटेरी फांद्या शेताच्या कुंपणाला जातात आणि जाडसर लाकूड चुलीला. ज्या साली बाजरी करपते, त्या सालीही खेजडी काही ना काही देते.

ती शेताच्या मधोमध उभी असते आणि शेतकरी नांगर तिला वळसा घालून नेतो. तिची सावली विरळ पडते, त्यामुळे खालची बाजरी, मूग, मोठ (मटकी) खुरटत नाहीत, उलट तिथे जोमाने येतात. जोधपूरच्या केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेने केलेल्या अभ्यासांतही खेजडीखालच्या मातीत उघड्या शेतापेक्षा सेंद्रिय द्रव्य आणि नत्र जास्त आढळले आहे. गावोगाव गोगाजी या लोकदेवतेचे ठाणे खेजडीच्या बुंध्याशी असते. झाडाचे पावित्र्य त्याच्या उपयोगातून आले की उपयोगाची आठवण राहावी म्हणून पावित्र्य आले, याचा निवाडा करण्याची गरज नाही. मारवाडी शेतकऱ्याच्या मनात या दोन गोष्टी कधी वेगळ्या नव्हत्याच.

या नात्याला नियमाचे रूप पंधराव्या शतकात मिळाले. नागौरजवळच्या पीपासर गावी १४५१ साली लोहटजी पंवार आणि हंसादेवी यांच्या पोटी जांभोजींचा जन्म झाला. त्यांचे तरुणपण गुरे राखण्यात गेले. गुराख्याला कोणत्या झाडाला कधी पालवी फुटते, कोणते तळे कधी आटते आणि पाऊस हुकला की कोणते जनावर आधी कोसळते, हे पाठ असते. त्यांच्या पंथाची परंपरा सांगते की, विक्रम संवत १५४२ च्या आसपास मारवाडात मोठा दुष्काळ पडला. लोक गुरे हाकत माळव्याकडे निघाले. जांभोजींनी अनेकांना थोपवून धरले, धान्य मिळवून दिले आणि त्याच वर्षी, म्हणजे १४८५ साली, कार्तिक वद्य अष्टमीला समराथळ नावाच्या वाळूच्या टेकडीवर कलश स्थापून नव्या पंथाची दीक्षा दिली. या पंथाचे नियम २९, म्हणून त्याचे अनुयायी वीस आणि नऊचे, बिश्नोई.

या नियमांत पहाटेचे स्नान, खरे बोलणे, चोरी न करणे, अफू-तंबाखू-दारू टाळणे अशी इतर संतपंथांतही आढळणारी आचारसंहिता आहे. त्यांतले काही नियम मात्र सरळ वाळवंटाच्या अनुभवातून आलेले दिसतात. पाणी आणि दूध गाळून घ्यावे. सरपण नीट पाहून, त्यातले किडे-मुंग्या झटकून चुलीत घालावे. बैलाचे खच्चीकरण करू नये. बकरे कसायाला न विकता सामाईक कोंडवाड्यात सांभाळावेत. प्राणिमात्रावर दया करावी. आणि हिरवे झाड तोडू नये. बिश्नोई आपले मृतदेह दहन न करता पुरतात. ज्या मुलखात एकेक लाकूड मोलाचे आहे, तिथे या प्रथेचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. जांभोजींनी १५३६ साली देह ठेवला. बीकानेर जिल्ह्यात नोख्याजवळ मुकाम येथे त्यांची समाधी आहे. त्यांची वाणी १२० सबदांत जपलेली आहे.

दुष्काळातून शहाणपण शिकलेले समाज अनेक आहेत. पाऊस चांगला झाला की ते शहाणपण बहुधा विसरले जाते. जांभोजींचे मोठेपण असे की, त्यांनी दुष्काळात शिकलेली गोष्ट सुकाळातही पाळायला लावली. झाड राखणे हा रोजच्या अंघोळीइतकाच साधा धर्म झाला आणि नियम मोडणाऱ्याला समाजापुढे उभे राहणे कठीण झाले. पुढच्या दोन शतकांत या नियमासाठी जीव दिल्याच्या काही घटना बिश्नोई परंपरेने जपल्या आहेत. १६०४ साली जोधपूर राज्यातल्या रेवासडी गावात करमा आणि गौरा या दोन स्त्रियांनी खेजडीची तोड थांबवण्यासाठी प्राण दिले, ही त्यांतली एक. खेजडलीत जे घडले ते असे अचानक घडलेले नव्हते. तिथल्या लोकांसमोर आधीची उदाहरणे होती.

आता राज्याकडे वळायचे. अठराव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात मारवाडची गादी रक्ताने माखलेली होती. औरंगजेबाच्या मृत्यूनंतर जोधपूर परत मिळवणारे महाराजा अजितसिंह यांचा १७२४ च्या जूनमध्ये जोधपुरातच खून झाला. तो त्यांचाच मुलगा बख्तसिंह याने केला आणि त्यामागे दिल्लीत असलेला थोरला मुलगा अभयसिंह याची फूस होती, असे इतिहासकार मानतात. अभयसिंह महाराजा झाले, बख्तसिंहाला नागौर मिळाले. पुढे १७३० साली बादशहा महंमदशहाने अभयसिंहांना गुजरातचा सुभेदार नेमले. जुना सुभेदार सरबुलंदखान जागा सोडायला तयार नव्हता, म्हणून अभयसिंह राठोडांची फौज घेऊन अहमदाबादवर चालून गेले.

याच ठिकाणी मारवाडच्या इतिहासाची गाठ मराठ्यांच्या इतिहासाशी पडते. सरबुलंदखानाने मराठ्यांना गुजरातची चौथाई मान्य केली होती आणि त्यावरूनच दिल्ली दरबार त्याच्यावर नाराज होता. अभयसिंहांनी ऑक्टोबर १७३० मध्ये अहमदाबादजवळ त्याचा पाडाव केला. सुभा मात्र त्यांना मराठ्यांना वगळून चालवता येईना. १७३१ च्या सुरुवातीला त्यांनी पहिल्या बाजीरावाशी अहमदाबादेत भेट घेऊन चौथाईचा करार केला. दुसऱ्या वर्षी, १७३२ साली, डाकोर येथे वाटाघाटीच्या निमित्ताने मराठा सरदार पिलाजी गायकवाडांचा अभयसिंहांच्या माणसांकरवी खून झाला आणि १७३३ मध्ये उमाबाई दाभाडे फौज घेऊन अहमदाबादवर आल्या. मराठी वाचकाला अभयसिंह हे नाव आठवते ते पिलाजींच्या खुनामुळे. मारवाडच्या खेड्यांत ते आठवते ते खेजडलीमुळे.

राज्याला तेव्हा बांधकामासाठी चुना हवा होता. जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्यात अभयसिंहांच्या काळात नवे बांधकाम झाले. तिथला सोनेरी नक्षीचा फूलमहाल त्यांच्याच काळातला. दगड जोधपुरात हवा तेवढा मिळतो, पण तो जोडायला, गिलाव्याला आणि घोटाईला चुना लागतो. चुनखडी भट्टीत सलग कित्येक तास जवळपास ९०० अंशांवर भाजल्याशिवाय चुना होत नाही. भट्टीत चुनखडीचे आणि लाकडाचे थर आलटून पालटून रचतात आणि आग लागली की ती विझू द्यायची नसते. अशा भट्टीला काटक्या-कुटक्या पुरत नाहीत. सावकाश जळणारे, जास्त धग देणारे घट्ट लाकूड लागते आणि थरमध्ये असे लाकूड मुबलक कुठे मिळेल, तर खेजडीचेच. जोधपूरच्या आसपासच्या बहुतेक गावांत झाडी विरळ झालेली होती. बिश्नोई गावांत ती शाबूत होती, कारण तिथे पिढ्यान्‌पिढ्या कुऱ्हाड पडलेली नव्हती. ज्यांनी झाडे राखली, त्यांच्याच दारी लाकूडतोडे आले. झाडे राखण्याच्या इतिहासात हे पुन्हा पुन्हा घडलेले दिसते.

पुढची हकिकत बिश्नोई परंपरेने सांगितली आहे, ती अशी. राज्याचे अधिकारी गिरधरदास भंडारी लाकूडतोड्यांना घेऊन जोधपूरच्या आग्नेयेला सुमारे २५ किलोमीटरवर असलेल्या खेजडली गावी आले. विक्रम संवत १७८७, भाद्रपद महिना. बाजरी कणसात आलेली असते तेव्हाचे हे दिवस. पुरुषमंडळी शेतात होती. रामोजी खोड यांच्या घरासमोरच्या खेजडीवर पहिला घाव पडणार, तेवढ्यात त्यांची पत्नी अमृतादेवी बाहेर आली आणि झाडासमोर उभी राहिली. हिरवे झाड तोडणे आमच्या धर्माविरुद्ध आहे, असे तिने सांगितले. भंडारींच्या माणसांनी तिला सुचवले की, काही रक्कम दिली तर हे झाड सोडता येईल. तिने नकार दिला. पैसे देऊन स्वतःचे झाड वाचवायचे आणि शेजारचे तुटू द्यायचे, हा सौदा तिला मान्य नव्हता. शीर देऊन झाड वाचत असेल तर तो व्यवहार स्वस्त आहे, अशा आशयाचे तिचे उद्गार मारवाडात आजही म्हणीसारखे तोंडी आहेत. ती झाडाला मिठी मारून उभी राहिली आणि कुऱ्हाड तिच्यावर चालली. तिच्या मागोमाग आसू, रतनी आणि भागू या तिच्या तीन मुली पुढे आल्या आणि त्यांचाही शिरच्छेद झाला.

बातमी शेतांतून शेजारच्या गावांत गेली. बिश्नोईंच्या ८४ गावांना निरोप धाडले गेले आणि माणसे जमू लागली. पंचांनी ठरवले की, प्रतिकार करायचा नाही, पण झाडही सोडायचे नाही. एकेका झाडाला एकेक माणूस मिठी मारील. आधी म्हातारी माणसे पुढे झाली. तेव्हा भंडारींनी टोमणा मारला की, बिश्नोई आपली निकामी झालेली माणसे तेवढी मरायला पाठवत आहेत. त्यानंतर तरुण पुरुष, बायका, नुकती लग्ने झालेली जोडपी आणि मुले, सगळी पुढे आली. एकूण ३६३ माणसे पडली, तेव्हा लाकूडतोड्यांचे हात थांबले. तिथी भाद्रपद शुद्ध दशमी. इंग्रजी महिना १७३० चा सप्टेंबर. मेलेल्यांची नावे, त्यांची गोत्रे आणि गावे पंथाने जपून ठेवली आहेत.

महाराजांच्या कानी हे गेले तेव्हा त्यांनी तोड तत्काळ थांबवली, बिश्नोईंची माफी मागितली आणि बिश्नोई गावांच्या हद्दीत झाड तोडण्याला व शिकार करण्याला मनाई करणारा ताम्रपट दिला, असे परंपरा सांगते. महाराज स्वतः खेजडलीस गेले, असेही सांगतात. त्या वर्षी भाद्रपदाच्या सुमारास अभयसिंह गुजरातच्या मोहिमेत गुंतलेले होते. अहमदाबादची लढाई त्यानंतर महिन्याभरातच झाली. म्हणून माफी आणि ताम्रपट यांचा नेमका क्रम कसा असेल, हा प्रश्न अभ्यासकाने मोकळा ठेवणेच बरे. मुख्य घटनेला त्याने बाध येत नाही. उलट राजा आणि फौज मोहिमेत असताना कारभार्‍यांच्या हाती किती सत्ता एकवटत असे, याची त्यावरून कल्पना येते.

या काळाच्या लेखी इतिहासाबद्दल एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. अभयसिंहांच्या पदरी करणीदान आणि वीरभाण हे दोन मोठे चारण कवी होते. करणीदानांचा ‘सूरजप्रकाश’ आणि वीरभाणांचा ‘राजरूपक’ हे डिंगळ भाषेतले दोन्ही ग्रंथ अहमदाबादच्या विजयाचे वर्णन मोठ्या तपशिलाने करतात. हत्ती, घोडे, सरदार आणि शस्त्रे यांची तिथे रेलचेल आहे. खेजडलीची आठवण मात्र बिश्नोईंच्या साख्यांनी (पदांनी), भाटांच्या वंशावळींनी आणि गावातल्या बायकांच्या गाण्यांनी जिवंत ठेवली. अहमदाबादचा सुभा सात वर्षांत अभयसिंहांच्या हातून गेला. त्या विजयाची आज फक्त इतिहासाच्या अभ्यासकांना माहिती असते. खेजडलीची कथा राजस्थानातली शाळकरी मुलेही सांगतात.

३६३ माणसांचे मरण ही भावनेच्या भरात घडलेली गोष्ट होती, असे मानणाऱ्याने १८६८-६९ च्या दुष्काळाकडे पाहावे. त्या साली राजपुतान्यात पाऊस झाला नाही, चारा संपला, त्यात पटकीची साथ आली आणि माणसे हजारोंनी मेली. धान्य मिळेनासे झाले तेव्हा लोकांनी खेजडीची साल काढली, वाळवली, दळली आणि त्या पिठाच्या भाकऱ्या करून खाल्ल्या. ही साल चवीला किंचित गोडसर असते आणि तिच्यामुळे कित्येक जीव तगले, अशी नोंद तेव्हाच्या इंग्रज अधिकाऱ्यांनी केली आहे. १८९९-१९०० साली, विक्रम संवत १९५६ मध्ये, याहून भीषण दुष्काळ आला. मारवाडात तो ‘छप्पनिया’ म्हणून आजही ओळखला जातो. अशा दुष्काळांच्या रांगेत ठेवून पाहिले म्हणजे अमृतादेवीचा नकार नीट कळतो. तिच्या गावाने एक सुभेदारी, एक महाल आणि एक भट्टी यांच्यासमोर आपल्या नातवंडा-पतवंडांची भाकरी ठेवली होती. ती भाकरी झाडाच्या रूपात अंगणात उभी होती.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाळवंटाला हिरवे करण्याची वेगळी कल्पना पुढे आली. १८७७ च्या सुमारास अमेरिका खंडातले खेजडीचे एक भाऊबंद झाड सिंधमध्ये आणून लावले गेले. तेच विलायती बाभूळ किंवा महाराष्ट्रातली वेडी बाभूळ. ते झपाट्याने वाढते, गुरे त्याचा पाला खात नाहीत आणि तोडले तरी पुन्हा फुटते, म्हणून वाळू रोखायला आणि सरपणाला ते उत्तम, असे ठरले. जोधपूर संस्थानाने १९४० साली या झाडाला शाही वृक्षाचा दर्जा देऊन त्याच्या लागवडीला संरक्षण दिले. सरपणाचा प्रश्न त्याने बराच सोडवला, हे मान्य करायला हवे. पण त्याच्या दाट जाळीखाली गवत उगवत नाही, बाजरी येत नाही आणि गावांची राखीव ओरणे (देवराया) व गायराने त्याने व्यापून टाकली. परदेशी झाड आणण्याआधी गावात उभ्या असलेल्या झाडाचा हिशेब कोणी मांडला असता, तर हे टळले असते.

स्वातंत्र्यानंतर खेजडीकडे पुन्हा लक्ष गेले. १९५२ साली जोधपुरात मरुभूमी वनीकरण केंद्र सुरू झाले आणि त्यातून १९५९ मध्ये केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्था उभी राहिली. १९७३-७४ मध्ये गढवालात मंडल आणि रेणी या गावांच्या लोकांनी झाडांना मिठी मारून तोड अडवली आणि ‘चिपको’ हा शब्द जगभर गेला. तेव्हा अडीचशे वर्षांपूर्वीच्या खेजडलीची आठवण मारवाडाबाहेरही निघू लागली. १९७८ पासून खेजडलीत भाद्रपद शुद्ध दशमीला मेळा भरू लागला. तिथे ३६३ हुतात्म्यांसाठी तेवढीच झाडे लावली आहेत आणि मधोमध स्मारक उभे आहे. मेळ्याला बिश्नोई बायका लाल-केशरी पेहराव आणि सोन्याचे भारी दागिने घालून येतात. हा दिवस शोकाचा मानला जात नाही. १९८३ साली खेजडी राजस्थानचा राज्यवृक्ष झाली. १९८८ साली तिच्यावर टपाल तिकीट निघाले. वन्यजीव रक्षणासाठी केंद्र सरकारने अमृतादेवी बिश्नोईंच्या नावाने राष्ट्रीय पुरस्कार सुरू केला आणि २०१३ पासून ११ सप्टेंबर हा राष्ट्रीय वन हुतात्मा दिन म्हणून पाळला जातो. देशाबाहेर संयुक्त अरब अमिरातीने याच झाडाला राष्ट्रीय वृक्ष मानले आणि २०१९ च्या सहिष्णुता वर्षाचे बोधचिन्ह म्हणून गाफ निवडला. तेलंगणाचाही तो राज्यवृक्ष आहे.

मान वाढला त्या प्रमाणात झाडे वाढली नाहीत. राजस्थानच्या पश्चिम जिल्ह्यांत गेल्या काही दशकांत उभ्या खेजड्या वाळत चालल्या आहेत. भूजल खाली गेले, मुळांना बुरशी आणि खोड-मूळ पोखरणाऱ्या किडीने गाठले, दरवर्षी संपूर्ण फांद्या उतरवल्याने झाडाला सावरायला वेळ मिळेना. त्यात ट्रॅक्टर आला. बैलाचा नांगर झाडाला आणि रोपाला वळसा घालून जाई. ट्रॅक्टरचा तवा आपसूक उगवलेली रोपे सरसकट उखडतो आणि मोठ्या झाडांच्या वरच्या मुळ्या कापतो. जुनी झाडे जात राहिली आणि नवी उभी राहिनात.

त्यात नवी भर सौर ऊर्जा प्रकल्पांची पडली. बीकानेर, फलोदी, जैसलमेर, बाडमेर या भागांत सपाट जमीन आणि लख्ख ऊन असल्यामुळे तिथे हजारो एकरांवर सौर पट्ट्या उभ्या राहत आहेत आणि त्यासाठी जमिनीवरची झाडे काढली जातात. सूर्यापासून वीज हवीच आहे, त्याविषयी वाद नाही. पण एका पडीक माळरानावर आणि खेजड्यांनी भरलेल्या शिवारावर एकच आराखडा लावणे हे नियोजनातले अपयश आहे. अलीकडच्या वर्षांत बिश्नोई समाजाने आणि इतर शेतकऱ्यांनी याविरुद्ध बीकानेर परिसरात धरणी धरली, उपोषणे केली, मोर्चे काढले. राजस्थानच्या १९५५ च्या काश्तकारी कायद्यात परवानगीशिवाय झाड तोडण्याला ठेवलेला दंड १०० रुपये होता. त्या काळी ती रक्कम शेतकऱ्याला जड होती. आज कोट्यवधींच्या प्रकल्पाला ती अडथळा ठरत नाही. म्हणून वृक्षसंरक्षणाचा स्वतंत्र आणि कडक कायदा व्हावा, ही आंदोलकांची मुख्य मागणी आहे.

तोडलेल्या झाडाच्या बदल्यात दहा रोपे लावू, असे उत्तर या मागणीला अनेकदा दिले जाते. खेजडीच्या बाबतीत ते लागू पडत नाही. तिचे रोप पहिली काही वर्षे वाढ जमिनीखाली घालते आणि वर वीतभरच दिसते. या वर्षांत त्याला शेळीपासून आणि नांगरापासून राखावे लागते. पोटभर लूंग आणि सांगरी देणारे झाड उभे राहायला एक पिढी जाते. शंभर वर्षांची खेजडी एका सकाळी पाडता येते, पण लावता मात्र येत नाही. जी उभी आहे ती राखणे हाच मारवाडात खेजडी वाढवण्याचा खात्रीचा मार्ग आहे आणि कायदा करायचा तो हे धरूनच करावा लागेल.